आधी खोली, मग बॉक्स, शेवटी वूफर

सबवूफर घ्यायला निघालेला माणूस दुकानात बहुधा दोनच गोष्टी विचारतो: किती इंची आणि किती वॅटचा? दुकानदारही त्याच दोन आकड्यांवर बोलतो, एखाद्या सिनेमातला स्फोट मोठ्या आवाजात लावून दाखवतो आणि व्यवहार होतो. घरी आल्यावर मात्र प्रत्येक गाण्यात एकच सूर दणदणतो, बाकीचे ऐकूच येत नाहीत आणि सोफ्याची जागा बदलली की तो दणकाही नाहीसा होतो. यात यंत्राचा दोष फारच कमी असतो. विचाराचा क्रम चुकलेला असतो. ज्या खोलीत ऐकायचं ती खोली आधी पाहायची, मग त्या खोलीला मानवेल असा बॉक्स ठरवायचा आणि त्या बॉक्सला साजेसा वूफर सर्वांत शेवटी निवडायचा. या क्रमाने गेलात, तर मध्यम किमतीच्या सामानातूनही फार सुंदर खर्ज घरात आणता येतो.

आधी तुम्हाला नेमकं काय ऐकायचं आहे ते ठरवा. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. सबवूफरच्या वाट्याला त्यातला २० ते ८० हर्ट्झचा पट्टा येतो. आकड्यांत तो अगदी छोटा वाटतो, पण संगीताच्या हिशेबात ती दोन पूर्ण सप्तकं आहेत. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झचा, तर पियानोच्या डावीकडच्या शेवटच्या पट्टीचा २७.५ हर्ट्झचा. त्याखाली उरतात ते सिनेमातले स्फोट, ढगांचा गडगडाट, चर्चमधले मोठे ऑर्गन आणि इलेक्ट्रॉनिक संगीत. शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, भावगीतं, जुनी चित्रपटगीतं हेच तुमचं ऐकणं असेल, तर ३५-४० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा सबवूफर तुम्हाला पुरून उरेल. २० हर्ट्झच्या मागे लागून दुप्पट-तिप्पट पैसे घालवण्याची गरज नाही.

आणि ते पैसे खरोखरच दुप्पट-तिप्पट लागतात, कारण आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर वूफरला चौपट हवा हलवावी लागते. त्यात आपला कान खालच्या सुरांना फार मंद आहे. १,००० हर्ट्झचा सूर जवळजवळ शून्य डेसिबलला ऐकू येतो. २० हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाच सुमारे ७८ डेसिबल लागतात. हवा हलवण्याची ताकद ठरते ती शंकूचं क्षेत्रफळ आणि त्याची पुढे-मागे होण्याची मर्यादा यांच्या गुणाकारावर. ५०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा १२ इंची वूफर १२ मिलिमीटर पुढे आणि तेवढाच मागे जाऊ शकत असेल, तर जमिनीवर ठेवलेल्या बंद बॉक्समधून तो एक मीटरवर ४० हर्ट्झला सुमारे १०८ डेसिबल देऊ शकतो. स्वस्त ४.१ संचातला सव्वापाच इंची वूफर ४ मिलिमीटर सरकत असेल, तर त्याच सुराला तो ८४ डेसिबलवर थकतो. खोक्यावर हजारो वॅट छापलेले असले तरी त्यात फरक पडत नाही. ‘पीएमपीओ’ हा आकडा तर वाचूच नका, त्याला मोजमापाचा कोणताही ठाम आधार नाही. आरएमएस वॅट लिहिलेले नसतील, तर ती वस्तू बाजूला ठेवा.

खोलीचं गणित

टेप घेऊन हॉलची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा. ५६३ या संख्येला प्रत्येक मापाने भागा. येणारे तीन आकडे म्हणजे तुमच्या खोलीचे स्वतःचे तीन सूर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये त्या सुराची लाट अर्धी मावते, परतून स्वतःवरच चढते आणि घुमते. १५ बाय १० फुटांचा आणि साडेनऊ फूट उंचीचा हॉल घ्या. लांबीचा सूर साडेसदतीस हर्ट्झ, रुंदीचा ५६, उंचीचा ५९. शेवटचे दोन इतके जवळ आहेत की त्या खोलीत ५५ ते ६० हर्ट्झच्या आसपासचा प्रत्येक ठोका फुगून येणार. कोणताही वूफर आणा, तो येणारच. १० बाय १० ची खोली याहून वाईट, कारण तिथे लांबी आणि रुंदीचा सूर एकच होतो.

परदेशी पुस्तकांतले आणि व्हिडिओंतले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याचं एक मोठं कारण भिंतींत आहे. अमेरिकेतली घरं पुष्कळदा लाकडी सांगाडा आणि जिप्समचे पातळ फलक यांची असतात. त्या भिंती खालच्या सुरांना थोड्या हलतात आणि बराच बेस बाहेर जाऊ देतात. आपल्याकडे आरसीसीचा सांगाडा, विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, वर स्लॅब, खाली टाइल्स. या भिंती ढिम्म हलत नाहीत. त्यामुळे बेस खोलीतच कोंडला जातो. याचा तोटा म्हणजे खोलीचे सूर अधिक टोकदार होतात. फायदा असा की सर्वांत खालच्या सुराच्याही खाली, वरच्या उदाहरणात साडेसदतीस हर्ट्झखाली, खोली एका दाबाच्या डब्यासारखी वागू लागते आणि वूफरचा क्षीण होत जाणारा आवाज उचलून धरते. दारं-खिडक्या बंद असतील तर हा आधार चांगलाच जाणवतो. हॉलला उघडं स्वयंपाकघर आणि लांब पॅसेज जोडलेला असेल, तर कमी मिळतो. बॉक्स निवडताना हा आधार हिशेबात धरायलाच हवा.

बंद की पोर्टचा

वूफरला बॉक्स लागतो कशासाठी? शंकू पुढे जातो तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे विरळ होते. मोकळ्या वूफरमध्ये या दोन्ही लाटा कडेने वळून एकमेकींना खोडून काढतात आणि बेस उरत नाही. मागची लाट कोंडून टाकली की बंद बॉक्स तयार होतो. तिला नळीतून वळवून पुढच्या लाटेच्या मदतीला आणलं की पोर्टचा, ज्याला बास रिफ्लेक्स म्हणतात.

गंमत म्हणजे पोर्टची कल्पना आधीची आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरास यांना तिचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. बंद बॉक्सला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९५४ मध्ये, एडगर व्हिलचर यांच्या ‘एआर-१’ या स्पीकरमुळे. तोवर चांगल्या बेससाठी कपाटाएवढं कॅबिनेट लागत असे. व्हिलचर यांनी शंकूची लटकण मुद्दाम सैल ठेवली आणि त्याला परत जागेवर आणण्याचं काम लहान बंद बॉक्समधल्या हवेवर सोपवलं. हवा ही कापडी लटकणीपेक्षा कितीतरी इमानदार स्प्रिंग आहे, म्हणून आवाजातली विकृती एकदम कमी झाली. त्याच वर्तुळातल्या अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आजही कोणी मोडू शकलेलं नाही: लहान बॉक्स, खोल बेस आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात, तिसरी सोडावी लागते. एक फुटी ठोकळ्यातून २० हर्ट्झ आणि घर हादरवणारा आवाज दोन्ही देऊ असं कोणी सांगितलं, तर हा नियम आठवा. तसा ठोकळा खाली उतरू शकतो, पण शेकडो वॅट खाऊन आणि मर्यादित आवाजातच.

पोर्टच्या बॉक्सची बाजू भक्कम आहे. ज्या सुराला नळी जुळवलेली असते तिथे शंकू जवळजवळ स्थिर राहतो आणि काम नळीतली हवा करते, त्यामुळे तेवढ्याच वूफरमधून जास्त आवाज मिळतो. पण त्या सुराखाली आवाज एका सप्तकाला २४ डेसिबल या वेगाने कोसळतो, बंद बॉक्समध्ये मात्र १२ डेसिबलनेच उतरतो. शिवाय जुळणीच्या सुराखाली पोर्टच्या बॉक्समधल्या शंकूला हवेचा आधारच राहत नाही. तो बेभान हलतो आणि आपटून कॉइल खराब होऊ शकते. म्हणून पोर्टच्या सबवूफरला सबसॉनिक फिल्टर, म्हणजे त्या सुराखालचा आवाज अडवणारी सोय, असलेला अॅम्प्लिफायर हवाच. आणि जुळणीच्या सुराजवळ नळीतली हवा ठोका संपल्यावरही थोडी हलत राहते, ठोक्याला शेपूट लागते.

माझं मत स्पष्ट आहे. शंभर ते दोनशे चौरस फुटांचा, विटांच्या भिंतींचा हॉल आणि मुख्यतः संगीत, असं असेल तर बंद बॉक्स घ्या. त्याचा सावकाश होणारा उतार आणि खोलीचा आधार एकमेकांना पूरक ठरतात, म्हणून कागदावर ४० हर्ट्झला संपणारा बंद सबवूफर अशा खोलीत तिशीच्या घरात ऐकू येतो. ठोका ठोक्यासारखा संपतो. बॉक्स आटोपशीर राहतो. मोठा बंगला, जिन्यापर्यंत उघडा दिवाणखाना आणि सिनेमांची आवड असेल तर पोर्टचा किंवा दोन बंद सबवूफर. बँडपास बॉक्स घरासाठी नको, तो एका अरुंद पट्ट्यात मोठा वाजतो आणि बाकी ठिकाणी गप्प बसतो.

वूफरचा कागद वाचताना

प्रत्येक बऱ्या वूफरबरोबर आकड्यांचा एक कागद येतो. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या आकड्यांची मांडणी केली आणि बॉक्स बांधणं अंदाजाचं न राहता हिशेबाचं काम झालं. त्यातले चार आकडे तुम्हाला पुरेत. एफएस, म्हणजे मोकळा वूफर ज्या सुराला स्वतःहून थरथरतो तो सूर. क्यूटीएस, म्हणजे ती थरथर किती लवकर शमते याचं माप. व्हीएएस, म्हणजे त्याच्या लटकणीइतकी ताठ असणारी हवा किती लिटर. आणि एक्समॅक्स, शंकू एका बाजूला किती मिलिमीटर सरळ जाऊ शकतो ते. हा कागदच मिळत नसेल तर वूफर कितीही देखणा असो, घेऊ नका. त्याच्यासाठी बॉक्स बांधणं म्हणजे माप न घेता कपडे शिवणं.

हिशेब कसा चालतो ते पाहा. समजा एफएस २५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ८० लिटर आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा आणि वर्गमूळ काढा. त्या संख्येने क्यूटीएसला गुणलं की बॉक्समध्ये बसवल्यावरचा क्यू येतो, एफएसला गुणलं की बॉक्ससह थरथरण्याचा सूर. ५५ लिटरच्या बॉक्समध्ये हा क्यू साधारण ०.७ आणि सूर ३९ हर्ट्झ येतो. ०.७ ही सर्वांत सपाट आवाजाची जागा. तोच वूफर ३० लिटरमध्ये कोंबला तर क्यू ०.८६ वर आणि सूर ४८ वर जातो, बेस किंचित फुगीर आणि उथळ होतो. १०० लिटर दिले तर क्यू ०.६ आणि सूर साडेतेहतीस, आवाज अधिक आवरलेला. आपल्या भिंती आधीच खालचे सूर उचलतात, म्हणून ०.६ ते ०.७ च्या दरम्यान राहा. १ च्या वर जाणारा बॉक्स दुकानात छाप पाडतो आणि घरी महिन्याभरात नकोसा होतो.

वूफर बंद बॉक्सचा की पोर्टचा, हेही कागदावरून कळतं. एफएसला त्याच कागदावरच्या क्यूईएसने, म्हणजे थरथर विजेच्या बाजूने किती शमते या मापाने, भागा. उत्तर ५० च्या खाली आलं तर तो बंद बॉक्ससाठी, १०० च्या वर गेलं तर पोर्टसाठी, मधलं असेल तर दोन्हीकडे चालवून पाहता येतो.

बाजारात दोन मोह होतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मांडवाच्या आणि डीजेच्या सिस्टीमसाठीचे १५ इंची वूफर तुलनेने स्वस्त मिळतात. ते मैदानात दूरवर आवाज पोहोचवण्यासाठी बनवलेले असतात. एफएस ४० च्या आसपास, शंकूची धाव थोडी, आणि अगदी खालचा खर्ज त्यांच्याकडे नसतोच. दुसरा मोह गाडीच्या सबवूफरचा. गाडीची केबिन इतकी लहान असते की ती स्वतःच खालचे सूर खूप उचलते आणि ते वूफर ते गृहीत धरून बनवतात. त्यांतले काही घरातही छान वाजतात, पण कागद तपासल्याशिवाय नाही, आणि दुहेरी कॉइल असेल तर जोडणीचा ओहम अॅम्प्लिफायरला झेपतो का ते पाहूनच. चार-चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की दोन ओहम होतात आणि घरगुती प्लेट अॅम्प्लिफायर बहुतेक वेळा तिथे तापून बंद पडतो. जुना वूफर घेत असाल तर कडेच्या रिंगवर हलकेच बोट फिरवा. फोमची रिंग आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होते. रबराची टिकते.

वॅटविषयी थोडक्यात: वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलच वाढतो. फ्लॅटमधल्या बंद १२ इंची सबवूफरला २०० ते ३०० आरएमएस वॅट पुष्कळ झाले.

बॉक्स बांधताना

तयार सबवूफर घेणं सोपं आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. तयार घ्यायचा असेल तर तो उचलून पाहा, कुशीवर बोटाच्या पेरांनी ठोका. आवाज बद्द यायला हवा, पोकळ नको. माहितीपत्रकात नुसतं ‘२५ हर्ट्झ’ लिहिलेलं असेल तर किती डेसिबलच्या फरकाने, ते विचारा. उणे ३ डेसिबल आणि उणे १० डेसिबल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण घराजवळ चांगला सुतार असेल, तर बॉक्स बनवून घेण्यासारखं समाधान नाही.

वरचं ५५ लिटरचं उदाहरण पुढे नेऊ. वूफरचं मागचं चुंबक साधारण ३ लिटर जागा खातं, आतल्या आधारपट्ट्या २ लिटर, म्हणून आतून ६० लिटर धरा: ४० सेंटिमीटर रुंद, ४० उंच, साडेसदतीस खोल. १८ मिलिमीटरची फळी आणि पुढचा फलक दुहेरी धरला तर हा बॉक्स आठ बाय चारच्या एका शीटमध्ये सहज निघतो. पुढचा फलक दुहेरी कराच, कारण सगळा जोर तिथे येतो आणि भोक पाडल्यावर तोच सर्वांत कमजोर होतो. आत समोरासमोरच्या दोन भिंतींना जोडणारी एक आडवी पट्टी मारली की कुशी थरथरत नाहीत. जाडी वाढवण्यापेक्षा ही एक पट्टी जास्त काम करते.

एमडीएफ की प्लायवूड, या वादात हवामान पाहा. एमडीएफ एकजीव असतो, कापायला सरळ, आवाजाला शांत. पण मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यातली ओल उघड्या कडांतून शिरली की तो फुगतो आणि सांधा सुटतो. घ्यायचाच असेल तर सगळ्या कडा, आतल्यासुद्धा, सीलर लावून बंद करा. किनारपट्टीवर मी आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लायच सुचवेन. स्वस्त कमर्शियल प्लाय टाळा. त्याच्या थरांत पोकळ्या असतात, त्यांतून हवा गळते आणि सैल पापुद्रा एका ठरावीक सुराला कर्कश करकरतो. हा आवाज वूफरचा वाटतो आणि शोधता शोधता नाकी नऊ येतात. दुकानातच कापलेली कड बघून घ्या.

सुताराला एक गोष्ट बजावून सांगावी लागते: हे कपाट नाही, ही हवाबंद वस्तू आहे. तो सवयीने खिळे मारून, वर सनमायका चढवून मोकळा होतो. इथे प्रत्येक सांध्याला भरपूर फेविकॉल, आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू, आणि वाळल्यावर आतून सगळ्या कोपऱ्यांत फेविकॉलचीच आणखी एक जाड रेघ. वायरीच्या टर्मिनलभोवती सिलिकॉन. वूफरखाली फोमची पट्टी. वूफर हाती आल्याशिवाय भोक कापू देऊ नका; १२ इंची म्हटलेल्या वूफरचं भोक १२ इंचांचं नसतंच, ते कंपनीगणिक बदलतं. सगळं झालं की दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू समान दाबाने हलकेच आत ढकला आणि सोडा. तो सावकाश बाहेर आला तर बॉक्स हवाबंद आहे. चटकन उसळला तर कुठेतरी गळतंय.

आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर पिंजून सैलसर भरा. त्याने बॉक्स आतून १० ते २० टक्के मोठा असल्यासारखा वागतो. गच्च दाबून भरलात तर उलट जागा कमी होते. पोर्टच्या बॉक्समध्ये फायबर फक्त भिंतींना लावायचा, नळीचं तोंड मोकळं ठेवायचं.

पोर्टचाच बॉक्स करायचा असेल तर नळीच्या मापात तडजोड नको. ९० लिटरचा बॉक्स २५ हर्ट्झला जुळवायचा असेल, तर आतून साडेसात सेंटिमीटर व्यासाची नळी १८ सेंटिमीटर लांब लागते, १० सेंटिमीटरची ३५, आणि १५ सेंटिमीटरची तब्बल ८३. अरुंद नळी लहान बसते म्हणून मोह होतो, पण मोठ्या आवाजात तिच्यातून हवा फुसफुसते. नळीतला हवेचा वेग सेकंदाला सतरा मीटरच्या आत ठेवावा असा संकेत आहे, आणि बॉक्सचा हिशेब करणाऱ्या मोफत संगणक प्रोग्रॅममध्ये तो आकडा दिसतो. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप चालतो, फक्त त्याचा आतला व्यास मोजून घ्या, दुकानदार बाहेरचा सांगतो. आणि आपल्या घरांत पाली-झुरळं नळीतून आत जातात, म्हणून गावाला जाताना तोंडाला कापडाचा बोळा लावून ठेवा.

जागा आणि जुळणी

सबवूफर कुठे ठेवायचा हे डोळ्यांनी ठरवू नका. तो उचलून तुमच्या नेहमीच्या बसण्याच्या जागी, सोफ्यावरच ठेवा. बेसची चाल असलेलं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत, कान जमिनीलगत ठेवून ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि सुटा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो खरा, पण खोलीचे सगळे सूर तिथेच जागे होतात.

ऐकून पारखायला तबल्याचा डग्गा सर्वांत उत्तम. मनगट दाबून डग्ग्यावर घेतलेली मींड लहान पट्ट्यात सलग वर-खाली जाते. चांगल्या जुळणीत ती अखंड ऐकू येते. मध्येच एखाद्या ठिकाणी ती फुगली किंवा नाहीशी झाली, तर खोलीचा सूर तिथे आडवा आला आहे असं समजा. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा ठोकाही असाच बोलका: तो खोल हवा, पण त्याची कातडी ऐकू आली पाहिजे. नुसता ‘धम्’ पुरेसा नाही.

घरातल्या सगळ्यांना सगळ्या जागांवरून सारखा बेस हवा असेल, तर एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम सबवूफर घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये अनेक रचनांचा अभ्यास करून ही मांडणी प्रभावी असल्याचं दाखवलं. तेवढ्याच पैशात एक १५ इंची की दोन १० इंची असा प्रश्न आला, तर मी दोन दहा इंचींच्या बाजूने आहे.

क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्यातली सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. त्याखालच्या आवाजाची दिशा कानाला कळत नाही, त्यामुळे सबवूफर बाजूला असूनही खर्ज मुख्य स्पीकरमधूनच आल्यासारखा वाटतो. मुख्य स्पीकर फारच लहान असतील तर १०० ते १२० पर्यंत न्यावं लागेल, मग सबवूफर त्यांच्या जवळच ठेवा. फेजची कळ शून्य आणि १८० वर फिरवून पाहा. ८० हर्ट्झचा सूर बसण्याच्या जागी ज्या स्थितीत मोठा येतो ती बरोबर. ईक्यू वापरायचा असेल तर फुगलेले सूर कापा. बुडालेले सूर वर उचलायला जाऊ नका, ते लाटा एकमेकींना खोडल्यामुळे बुडालेले असतात आणि कितीही वॅट ओतले तरी बुडतातच. मोजायला ‘रूम ईक्यू विझर्ड’ हा मोफत प्रोग्रॅम आणि मोजमापाचा यूएसबी माइक घ्या, मोबाईलच्या माइकवर इतक्या खालच्या सुरांसाठी विसंबता येत नाही. आणि पन्नास हर्ट्झची हम्म येत असेल तर सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, केबल टीव्हीची वायर काढून पाहा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

राहता राहिले शेजारी, आणि फ्लॅटमध्ये हा भाग बॉक्सइतकाच महत्त्वाचा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे डेसिबल ‘ए’ मापाचे. त्या मापात ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटर निर्धास्त असताना खालच्या घरातलं मूल झोपेतून उठू शकतं. बॉक्सखाली जाड रबरी पाय लावा. त्याने फरशीतून जाणारा कंप कमी होतो, हवेतून स्लॅब ओलांडणारा बेस थांबत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात नेहमीच्या आवाजात एखादं बेसचं गाणं लावून खाली आणि शेजारी जाऊन स्वतः ऐकून या, त्यांना विचारा, आणि ज्या पातळीला त्यांना त्रास होत नाही तिथे कळीवर खूण करा. रात्री दहानंतर सबवूफर ६ ते १० डेसिबलने उतरवा. रिसीव्हरमध्ये नाइट मोड असेल तर तोही लावा, त्याने स्फोट दबतात आणि संवाद स्पष्ट राहतात.